कोणती गोळी लागू पडेल, हे संगणक आधी सांगू शकतो का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. रिस्पेरिडोन सुरू केलं तेव्हा त्याचं अंग आखडायला लागलं. मग ओलान्झापिन दिलं. झोप लागायला लागली, वजन भराभर वाढलं, पण कानातले आवाज काही थांबले नाहीत. आता तिसरी गोळी चालू आहे. दर वेळी डॉक्टर म्हणतात, 'थोडं थांबू, गुण यायला वेळ लागतो.' अलीकडे मोबाइलवर बातमी वाचली, की मशीन लर्निंगने रुग्णाची माहिती तपासून कोणतं औषध लागू पडेल हे आधीच सांगता येतं. ही तपासणी आपल्याकडे कुठे होते? खर्चाचं आम्ही बघू. पण अशा आणखी किती गोळ्या करून बघायच्या?
(एक बहीण, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, नेहमीच्या उपचारांचा भाग म्हणून अशी तपासणी आज कुठेच होत नाही. सांगली-कोल्हापुरात नाही, पुण्या-मुंबईत नाही आणि परदेशातल्या दवाखान्यांतही नाही. त्यामुळे 'इतके रुपये भरा, कोणतं औषध चालेल ते आमचा संगणक सांगेल' असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. भावाची चालू गोळी मात्र हे वाचून एक दिवसही बंद करू नका. तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. 'आणखी किती गोळ्या' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंच ठामपणे देता येतं, ते शेवटी देतो. पहिला आधी घेतो, कारण तुम्ही वाचलेली बातमी खोटी नसावी. तिच्यामागे खरं संशोधन आहे. ते पुढे कुठे अडलं, हे मात्र अशा बातम्यांत सहसा येत नाही.

औषध द्यायचं, वाट पाहायची, जमलं नाही तर बदलायचं, ही रीत जुनी आहे. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात १९५२ साली झ्याँ दले आणि पिएर दनिकेर यांनी मनोविकाराच्या रुग्णांना क्लोरप्रोमाझिन दिलं, तिथून या आजारावरच्या औषधांची सुरुवात झाली. त्यानंतर पुष्कळ औषधं आली. पण समोर बसलेल्या रुग्णाला त्यातलं कोणतं द्यायचं, हे आजही मुख्यतः दुष्परिणाम पाहून ठरतं. याचं वजन आधीच जास्त आहे का, घरात मधुमेह आहे का, हातपाय आखडण्याची भीती किती, रोजच्या गोळीपेक्षा महिन्याचं इंजेक्शन बरं पडेल का. यातला एकही प्रश्न 'गुण येईल का' असा नाही. तो प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत असं नाही. त्याचं उत्तर आधी मिळवायची सोय त्यांच्याकडे नसते. अमेरिकेत सुमारे दीड हजार रुग्णांवर 'केटी' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, तेव्हा दिसलं की ७४ टक्के रुग्णांचं नेमून दिलेलं औषध अठरा महिन्यांच्या आतच बंद झालं होतं. कुणाला उपयोग नव्हता, कुणाला सोसलं नाही, कुणी आपणहून सोडलं. 'देवराई' हा स्किझोफ्रेनियावरचा २००४ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना शेष आणि त्याची बहीण आठवत असतील. अशा घरात 'आणखी थोडं थांबू' याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून मशीन लर्निंगची आशा लागली आणि ती रास्तच होती. पद्धत अशी : उपचार सुरू होण्यापूर्वीची शेकडो रुग्णांची माहिती संगणकाला द्यायची. वय, शिक्षण, आजार किती जुना, लक्षणं किती तीव्र. लक्षणं मोजायला 'पॅन्स' नावाची मोजपट्टी आहे. तीत ३० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण ३० ते २१०. भास, संशय, विस्कळीत बोलणं, लोकांपासून तुटणं अशा एकेका लक्षणाला प्रशिक्षित माणूस मुलाखत घेऊन गुण देतो. मग पुढे कुणाला किती उतार पडला हेही संगणकाला सांगायचं. सुरुवातीची कोणती चिन्हं आणि नंतरचा कोणता परिणाम यांची जोडी जमते, ते संगणक स्वतः शोधतो. नव्या रुग्णाची माहिती दिली, की त्याला बरं वाटण्याची शक्यता किती ते सांगतो.

२०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त निकोलाओस कुत्सुलेरिस आणि सहकाऱ्यांचा याच विषयावरचा अभ्यास आला. युरोपातल्या अनेक देशांत आणि इस्रायलमध्ये मिळून पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली होती. तिच्यातल्या ३३४ रुग्णांवर त्यांनी संगणकाला शिकवलं आणि शिकवताना न दाखवलेल्या १०८ रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली. अचूकता ७१.७ टक्के निघाली. आंधळेपणाने अंदाज केला असता तर ती ५० टक्के आली असती, म्हणजे आकडा वाईट नाही.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आकड्यात नाही. कोणत्या माहितीवर संगणकाने सर्वाधिक भिस्त ठेवली, ते पाहा. बेकारी, कमी शिक्षण, रोजचे व्यवहार जमत नसणं, घर-सोबत-आधार या गरजा पुऱ्या न झालेल्या असणं. भास किती आणि संशय किती, यापेक्षा या गोष्टींनी रुग्णाचं चार आठवड्यांनंतरचं आणि वर्षानंतरचं चित्र जास्त सांगितलं. याला एक कारण मोजमापातही आहे : इथे 'बरा झाला' हे रुग्णाचं काम, नाती, दिनक्रम धरून दिलेल्या शंभरपैकी गुणांवर ठरवलं होतं. आधीच नोकरी नसलेला माणूस त्या गुणांत मागे राहणार, हे उघड आहे. तरीही या निकालाकडे मी गंभीरपणे बघतो. इतकी गणितं करून यंत्राने जे दाखवलं, ते घरचे लोक आणि सामाजिक कार्यकर्ते आधीपासून सांगत आले आहेत. आणि त्यावरचा उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. दहांतल्या तिघांबद्दलचा अंदाज चुकतो असं समजू. उद्या संगणक म्हणाला की तुमच्या भावाला बरं वाटणार नाही, तर डॉक्टर औषध देणं थांबवतील का? थांबवू नयेच. आणि मुख्य म्हणजे, 'याला बरं वाटणं कठीण आहे' एवढं कळल्याने कोणतं औषध द्यावं हे कळत नाही. हे दोन निराळे प्रश्न आहेत. बातम्यांमध्ये ते सर्रास एकत्र होतात. तुम्हाला हवं आहे दुसऱ्याचं उत्तर, आणि झालेलं बहुतेक संशोधन पहिल्याचं.

आता अडलं कुठे ते. जानेवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात येल विद्यापीठाच्या ॲडम चेक्राउड आणि सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. हे या क्षेत्रावर बाहेरून टीका करणारे लोक नव्हेत. नैराश्यावरचं औषध कुणाला लागू पडेल याचा अंदाज करणारी प्रणाली याच चेक्राउड यांनी २०१६ मध्ये मांडली होती आणि ती खूप गाजली होती. स्किझोफ्रेनियासाठी त्यांनी पाच आंतरराष्ट्रीय औषध-चाचण्यांची माहिती घेतली, एकूण १,५१३ रुग्ण. येल विद्यापीठाचा एक खुला उपक्रम औषध कंपन्यांच्या चाचण्यांची माहिती संशोधकांना मिळवून देतो, त्यामुळे हे शक्य झालं. उपचार सुरू होण्यापूर्वीच्या नोंदींवरून चार आठवड्यांनंतर कुणाची लक्षणं किती उतरतील, हा सवाल होता.

ज्या चाचणीतल्या रुग्णांवर संगणक शिकला, त्याच चाचणीत त्याचे अंदाज छान जुळले. तोच संगणक दुसऱ्या चाचणीतल्या रुग्णांपुढे बसवला, तर त्याचे अंदाज नाणं उडवून केलेल्या अंदाजापेक्षा चांगले आले नाहीत. आजार तोच, औषधांचा वर्ग तोच, लक्षणं मोजायची पट्टी तीच. रुग्ण तेवढे वेगळे.

आपल्या शिवारातला जुना शेतकरी समोरच्या डोंगरावर ढग अडकला की संध्याकाळी पाऊस येणार हे बिनचूक सांगतो. त्याला दोनशे कोस लांबच्या गावी नेलं, की तो डोंगरही नसतो आणि तो वाराही. त्याचं ज्ञान खरंच होतं, पण ते त्या शिवारापुरतं होतं. संगणकाने प्रत्येक चाचणीत अशा स्थानिक खुणा उचलल्या होत्या.

या खुणा काय असू शकतात, याचं एक स्वच्छ उदाहरण दुसऱ्या आजारातलं आहे. अमेरिकेत छातीचे एक्स-रे पाहून न्यूमोनिया ओळखायला संगणकाला शिकवलं होतं. २०१८ मध्ये जॉन झेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की संगणक फुप्फुसांबरोबरच फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे हेही ओळखत होता. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त येत, दुसऱ्यात कमी. मग रुग्णालय ओळखलं तरी निम्मं उत्तर आल्यासारखं होतं. तिसऱ्या ठिकाणचे फोटो आले की अचूकता घसरे. तिथे निदान फोटो तरी सगळ्यांना सारखा दिसतो. पॅन्सचे गुण माणूस माणसाशी बोलून देतो. संशयाला ४ द्यायचे की ५, यावर प्रशिक्षण घेतलेल्या दोन डॉक्टरांचंही एकमत होतंच असं नाही.

प्रश्न : मी पुण्यात डेटा सायन्समध्ये काम करतो. या अभ्यासाबद्दल ऐकलं होतं. पण १,५१३ रुग्ण हा आमच्या दृष्टीने फारच लहान आकडा आहे. सगळ्या चाचण्या एकत्र करून मोठं मॉडेल केलं, तर प्रश्न सुटणार नाही का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : एकत्र करून पाहिलं, त्याच लेखात. चार चाचण्यांवर शिकवून पाचवीवर परीक्षा घ्यायची, असं आळीपाळीने केलं. सुधारणा झाली नाही. आकडा लहान आहे हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण फक्त रुग्णांची संख्या वाढवल्याने हे सुटेल, असं मला वाटत नाही. कारणं थोडी सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारख्यांनी या कामात यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि यायचं तर अडचण कुठे आहे ते माहीत असलेलं बरं.

ज्या गोष्टींवर गुण येणं-न येणं ठरतं, त्यांतल्या पुष्कळशा गोष्टी तक्त्यात उतरतच नाहीत. रुग्ण गोळी खरंच घेतो का, ही पहिली. लंडनमध्ये, औषधाला दाद देत नाहीत म्हणून तज्ज्ञांकडे पाठवलेल्या रुग्णांचं रक्त तपासलं, तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या रक्तात औषधाचं प्रमाण पुरेसं नव्हतंच. त्यांच्या नोंदीत 'औषधाचा उपयोग नाही' असं असणार आणि तुमचं मॉडेल तेच खरं मानून शिकणार. तंबाखूचा धूर ही दुसरी. सिगरेट-विडीच्या धुराने यकृतातलं एक विकर जोमाने काम करू लागतं आणि ओलान्झापिन व क्लोझापिन रक्तातून लवकर निघून जातात. तीच मात्रा धूम्रपान करणाऱ्याला अपुरी आणि न करणाऱ्याला पुरेशी. घरातलं वातावरण ही तिसरी. आजारी माणसावर सतत टीका होत असेल, चिडचिड होत असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे इंग्लंडमधल्या संशोधनात १९७० च्या दशकापर्यंत पक्कं झालं होतं. पुढे तीच मोजमापं चंदीगडच्या कुटुंबांत केली, तेव्हा अशा टीकेचं प्रमाण लंडनच्या मानाने बरंच कमी निघालं. लंडनच्या रुग्णांवर शिकलेलं मॉडेल चंदीगडला चालवायचं, तर हा फरक कोणत्या रकान्यात भरणार?

शिवाय चाचण्यांमधले रुग्ण हे दवाखान्यातले रुग्ण नसतात. फिनलंड आणि स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदी तपासून २०२२ मध्ये संशोधकांनी पाहिलं, की नेहमीच्या उपचारांतले स्किझोफ्रेनियाचे किती रुग्ण चाचणीच्या निकषांत बसले असते. ७९ टक्के बसले नसते. कुणाला दारूचं व्यसन, कुणाला दुसरा शारीरिक आजार, कुणी आत्महत्येचा प्रयत्न केलेला. ज्यांना मदतीची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याबद्दल संगणकाला काही शिकवलंच गेलेलं नसतं.

आणखी एक मुद्दा मला रात्री विचारात पाडणारा आहे. औषध काही जणांना भरपूर आणि काहींना शून्य लागू पडत असेल, तर औषध घेतलेल्या गटात निकालांचा पसारा नकली गोळी घेतलेल्या गटापेक्षा मोठा दिसायला हवा. कुणी खूप वर, कुणी जागच्या जागी. २०१९ मध्ये स्टेफनी विंकेलबाइनर आणि सहकाऱ्यांनी ५२ चाचण्यांतल्या १५,३६० रुग्णांवर हे तपासलं. औषधाच्या गटातला पसारा मोठा नव्हता. उलट किंचित लहान होता. याचा एक अर्थ असा, की चाचण्यांत दिसणारे वैयक्तिक फरक बरेचसे औषधामुळे नसून आजाराच्या चढउतारांमुळे, मोजण्यातल्या चुकांमुळे किंवा नुसती काळजी घेतली गेल्यामुळे असतील. नकली गोळीनेही उतार पडतो : साठ वर्षांतल्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा, थोडातरी फरक पडलेले रुग्ण औषधाच्या गटात ५१ टक्के आणि नकली गोळीच्या गटात ३० टक्के होते. जे औषधामुळे झालंच नाही, त्यावरून औषधाचा अंदाज शिकता येणार नाही.

तरी व्यक्तीव्यक्तींत फरकच नाही, असं मी म्हणणार नाही. क्लोझापिन हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे आणि सांगलीच्या ताईंच्या प्रश्नाकडे वळेन तेव्हा त्याबद्दल लिहीनच. तुमच्यासाठी एकच आग्रह : मॉडेल करा, पण ते ज्या रुग्णालयात तयार झालं तिथला आकडा छापून थांबू नका. नागपूरवर शिकवलं तर रत्नागिरीवर तपासा. आणि अंदाज उपचारापूर्वीच करायचा हा हट्ट सोडा. पहिल्या दोन आठवड्यांत रुग्णात काय बदललं, ही माहिती सुरुवातीच्या सगळ्या रकान्यांपेक्षा बोलकी असते, आणि ती कोणत्याही दवाखान्यात मिळू शकते.

प्रश्न : मेंदूचा स्कॅन किंवा जनुकांची तपासणी केली तर कोणतं औषध चालेल ते कळतं, असं एका जाहिरातीत पाहिलं. खरं आहे का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : जनुकांच्या तपासणीतून आज एक गोष्ट बऱ्यापैकी कळते : यकृत काही औषधं किती वेगाने मोडतं. रिस्पेरिडोन, अरिपिप्राझोल अशा औषधांची मात्रा ठरवताना याची थोडी मदत होऊ शकते. औषध मेंदूत पोचल्यावर गुण येईल का, हे त्यातून कळत नाही.

स्कॅनबद्दल आपल्या देशातलं एक काम जरूर सांगायला हवं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या रुग्णांच्या एमआरआयवर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी मशीन लर्निंग वापरलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. एकही औषध न घेतलेले ८१ रुग्ण आणि ९३ निरोगी माणसं होती; कोण कोणत्या गटातलं हे संगणकाने ८७ टक्के अचूक ओळखलं. औषध सुरू होण्यापूर्वीचे इतके रुग्ण मिळवणं सोपं नसतं, त्यामुळे या कामाचं मोल मोठं आहे. पण ती निदानाची परीक्षा होती. आजारी कोण हे डॉक्टरांना बहुधा बोलूनच कळतं. अडतं ते पुढच्या पायरीवर. त्या पायरीबद्दलचा सर्वांत विचार करायला लावणारा धागा लंडनच्या किंग्ज कॉलेजमधला. औषधाला दाद देणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन जास्त तयार होत होतं; दाद न देणाऱ्यांमध्ये ते निरोगी माणसांइतकंच होतं. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळे आजार असण्याची शक्यता आहे आणि डोपामिन अडवणारी औषधं दुसऱ्या प्रकाराला का लागू पडत नाहीत, याचं कारणही त्यात सापडेल. मात्र २०१२ च्या त्या अभ्यासात प्रत्येक गटात बाराच माणसं होती आणि त्यासाठी लागणारा पेट स्कॅन खास किरणोत्सारी द्रव्य वापरून करावा लागतो. जाहिरातीतली तपासणी ही नव्हे.

आता सांगलीच्या ताईंचा राहिलेला प्रश्न : आणखी किती गोळ्या?

ताई, तुमचं पत्र वाचताना मला याच प्रश्नाची घाई वाटली. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये मिळून ठरवलेले निकष असे आहेत : दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, प्रत्येक किमान सहा आठवडे, नियमित घेऊनही लक्षणं ठळकपणे उरली असतील, तर आजार नेहमीच्या औषधांना दाद देत नाही असं समजायचं. त्यानंतर तिसरी, चौथी, पाचवी तशीच गोळी करून बघण्यात फारसा अर्थ नाही. तिथे क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. मात्र रिस्पेरिडोन अंग आखडल्यामुळे लवकर बंद केलं असेल, तर ते या दोनांत धरता येणार नाही, हे डॉक्टर तुम्हाला सांगतील.

क्लोझापिनची गोष्ट दुःखाची आहे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या आणि आठ जण दगावले. अनेक देशांत ते मागे पडलं. मग जॉन केन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत, दुसरी औषधं वाया गेलेल्या २६८ रुग्णांवर ते तपासलं. १९८८ मध्ये निकाल आला : क्लोरप्रोमाझिनने ४ टक्के रुग्णांना गुण आला, क्लोझापिनने ३० टक्के रुग्णांना. रक्ताची नियमित तपासणी करायची या अटीवर ते पुन्हा सुरू झालं. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे आणि धोका मुख्यतः सुरुवातीच्या महिन्यांत असतो. म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, पुढे अंतर वाढवतात. ही तपासणी म्हणजे तालुक्याच्या लॅबमध्येही होणारी साधी सीबीसी. औषधही महाग नाही. लाळ सुटते, वजन वाढतं, झोप येते. बद्धकोष्ठ होतं आणि त्याच्याकडे दुर्लक्ष झालं तर ते जिवावर बेतू शकतं. ताप आला, घसा धरला, छातीत धडधडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. भाऊ विडी-सिगरेट ओढत असेल तर तेही सांगा. पुढे त्याने अचानक सोडली, तर रक्तातलं औषध वाढतं आणि मात्रा कमी करावी लागते.

इतकं माहीत असूनही लंडनच्या एका मोठ्या मानसिक आरोग्य सेवेत रुग्णांना क्लोझापिन सुरू व्हायला, ते सुरू करायला हवं होतं त्या वेळेनंतर, सरासरी चार वर्षं लागत होती. तिथे यंत्रांची आणि तज्ज्ञांची कमतरता नव्हती. रक्ततपासणीची भीती, डॉक्टरांना नसलेली सवय आणि आणखी एक गोळी करून पाहू असा विचार, यांत ती वर्षं जातात. स्किझोफ्रेनियाच्या उपचारांत आज सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, असं माझं मत आहे. नवा संगणक येईपर्यंत हे नुकसान थांबवायला कुणाची वाट बघावी लागत नाही.

'थोडं थांबू' म्हणजे किती, याचंही एक माप आहे. ३४ अभ्यासांतल्या ९,४६० रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं, की पहिल्या दोन आठवड्यांत ज्यांच्या लक्षणांत पाचव्या हिश्शाइतकाही उतार पडत नाही, त्यांना पुढे त्याच मात्रेने चांगला गुण येण्याची शक्यता फार कमी असते. म्हणजे दोन आठवड्यांनी औषध बदलाच असं नाही. पण मात्रा पुरेशी आहे का, गोळी पोटात जाते आहे का, हे विचारण्याची वेळ तीच. भाऊ गोळी टाळतो असं वाटत असेल तर त्याच्यावर रागावू नका. आपण आजारी आहोत हेच न पटणं या आजारात असतं. महिन्याच्या इंजेक्शनचा पर्याय त्यासाठीच आहे.

तुमच्या डॉक्टरांना क्लोझापिनचा अनुभव नसेल, तर दुसरं मत घ्या. त्यात त्यांचा अपमान नाही. जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातला मनोविकार विभाग, किंवा येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांतलं सांगलीहून सोयीचं पडेल ते. कुठे जावं हे कळत नसेल, तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जाताना एका कागदावर तिन्ही औषधांची नावं, किती मिलिग्रॅमपर्यंत वाढवलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चाललं, मधे खंड पडला का आणि का थांबवलं, एवढं लिहून न्या. क्लोझापिनचा निर्णय करताना डॉक्टर सर्वांत आधी हेच विचारतील.